ओले हान्सेन, पण कोणता?

कुष्ठरोगाला ‘हॅन्सनचा रोग’ असेही म्हणतात. नॉर्वेतील बर्गन शहरात गेरहार्ड आर्मावर हान्सेन या डॉक्टरांनी १८७३ साली या रोगाचा जिवाणू शोधला, हे आपण शाळेत शिकवतो. हान्सेन (आपण त्याचे हॅन्सन केले) याचा अर्थ ‘हान्सचा मुलगा’. पण या डॉक्टरांच्या वडिलांचे नाव होते क्लाउस! शहरांतल्या अनेक घराण्यांत कुणा पूर्वजाचे नाव असे आडनाव म्हणून गोठून गेले होते.

खेड्यांत तसे नव्हते. तिथे हान्सचा मुलगा ओले हा ‘ओले हान्सेन’, त्याची बहीण ‘हान्सदातर’, आणि ओलेचा मुलगा ‘ओल्सेन’. लग्नानंतरही बाईचे नाव बदलत नसे. त्यापुढे शेतवाडीचे नाव लागे, उदाहरणार्थ ‘नेस’. आपल्याकडचे ‘-कर’ लावलेले आडनाव गाव सुटले तरी सुटत नाही. नॉर्वेत माणसाने वाडी बदलली की नावही बदले. घरजावई होऊन बायकोच्या वाडीवर राहायला गेलेला पुरुष त्या वाडीच्या नावाने ओळखला जाई. वाडीचे नाव म्हणजे खरे तर पत्ता. कुटुंबाला एकच कायम आडनाव असावे, असा कायदा झाला तो १९२३ साली.

आता नव्या अडचणीकडे वळू. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, अशी सर्वसाधारण रीत होती. त्यामुळे तीच ती नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. समजा, एखाद्या चर्चच्या हद्दीत एक हजार पुरुष आहेत; दर दहांत एकाचे नाव ओले आहे आणि दर दहांत एकाच्या बापाचे नाव हान्स. म्हणजे सुमारे दहा ओले हान्सेन एकाच वेळी हयात असणार.

यात केवळ वंशावळीची हौस गुंतलेली नाही. डानिएलसेन आणि बोक यांच्या १८४७ च्या गाजलेल्या ग्रंथात कुष्ठरोग आनुवंशिक मानला होता; एकाच घराण्यात रोगी सापडतात, हा त्यांचा मोठा आधार. (पुढे हान्सेन हे याच डानिएलसेन यांचे जावई झाले, सासऱ्याचे मत जावयाने खोडले!) नॉर्वेने १८५६ साली कुष्ठरोग्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. अशा वहीतला ओले हान्सेन हा आधीच्या एका रोग्याचा नातू आहे, की त्याच वाडीवर राबणारा परका गडी? या उत्तरावर रोग रक्तातून येतो की सहवासातून, हा निष्कर्ष फिरू शकतो.

मग ओळख पटवायची कशी? १८०१ च्या जनगणनेत प्रत्येकाचे नाव आणि वय आहे, पण जन्मस्थळ नाही. ते १८६५ च्या जनगणनेत येते आणि पूर्ण जन्मतारीख १९१० मध्ये. १८०१ चे वय पूर्ण झालेले नसून चालू वर्षाचे आहे, हे न जाणणारा एक वर्षाने चुकतो. जनगणनेपेक्षा चर्चची पुस्तके अधिक बोलकी आहेत. १८१२ पासून त्यांना छापील तक्ते मिळाले आणि आगीच्या भीतीने दुसरी प्रत वेगळ्या घरात ठेवण्याची पद्धत आली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडील, वाडी आणि साक्षीला उभ्या राहिलेल्या धर्ममातापित्यांची नावे असतात. १८१० पासून देवीची लस टोचल्याचा दाखला (किंवा देवी येऊन गेल्याची खात्री) नसेल तर लग्न लागत नसे. म्हणून लशीची तारीखही पाद्री लिहून ठेवत. दोन ओले वेगळे करायला अशी तारीख फार कामाची.

कॅनडातील आनुवंशशास्त्रज्ञ हॉवर्ड न्यूकोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात, जन्म आणि विवाहाच्या नोंदी संगणकाने कशा जुळवाव्यात, हे मांडले. त्याचे सूत्र साधे आहे: जुळणी जितकी दुर्मीळ, तितके तिचे वजन जास्त. दोन नोंदींत ‘ओले’ जुळले याला फारशी किंमत नाही. विरळ नावाची धर्ममाता जुळली, तर पुष्कळ आहे.

पण हे गणित डोळे मिटून वापरू नये. शक्यतांचा गुणाकार करायचा, तर त्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात, आणि नॉर्वेच्या नामकरणात नेमके तेच नाही. नेस वाडीवरच्या ओले हान्सेनचा मुलगा हान्स ओल्सेन. त्याचा मुलगा पुन्हा ओले हान्सेन. नाव, बापाचे नाव, वाडी, तिन्ही जुळूनही हे आजोबा आणि नातू! वय पाहिले तर सुटका होते. पण एकाच पणजोबाचे नाव लावणाऱ्या, जवळपास एकाच वयाच्या दोन चुलतभावांत वयही उपयोगी पडत नाही. अमेरिकेत गेलेल्या भावांपैकी एकाने हान्सेन आणि दुसऱ्याने नेस हे आडनाव धरले, असेही घडत असे. तिथे उलटा घोळ, सख्खे भाऊ परके वाटतात.

म्हणून माझ्या मते भरवशाचा मार्ग कंटाळवाणा आहे. आपल्या ओलेमागे न लागता त्या हद्दीतल्या सगळ्या ओले हान्सेनांची यादी करावी. हा लहानपणी वारला, हा दुसऱ्या खोऱ्यात लग्न करून गेला, हा १८६५ ला अविवाहित आहे, असे एकेकाला नोंदीच्या आधाराने वगळत जावे. शेवटी एकच उरला तर ठीक. दोन उरले तर दोघेही यादीत ठेवावेत. आणि एकाच घरात दोन ओले दिसले, की पहिला मेला असेल म्हणून दुसऱ्याला ते नाव दिले, असे लगेच धरू नये. बहुधा तसेच असते. पण दोन्ही आजोबांचे नाव ओले असेल तर दोन्ही नातू ओले, आणि दोघेही जिवंत! अशा वेळी पाद्री नावापुढे ‘थोरला’, ‘धाकटा’ असे लिहीत, पण नेहमीच नाही.