पाऱ्यापासून फाइलपर्यंत : धाराशिव जिल्ह्यातील तापमानाच्या नोंदीचा मार्ग

बालाघाटाच्या डोंगररांगांवर आणि त्यांच्या उतारांवर वसलेला धाराशिव जिल्हा मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतो. तेथील उन्हाळ्याचा कडाका मोजमापाविनाही जाणवत असला, तरी शासन, शेती आणि विमा यांच्या कामी येतो तो लिहून ठेवलेला व पडताळता येणारा आकडाच. असा आकडा तयार होण्यास तापमापक जितका आवश्यक, तितकीच तो आकडा दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याची ठरलेली रीत आवश्यक असते. या रीतीच्या इतिहासाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

भारतीय हवामान विभागाची स्थापना 1875 साली झाली आणि देशभरातील निरीक्षणांना हळूहळू एक साचा मिळाला. जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत (ही स्टीव्हन्सन पेटी होय) तापमापक ठेवायचे, ठरलेल्या वेळी निरीक्षकाने पाऱ्याची पातळी वाचून वहीत नोंदवायची आणि मग ती तारेने वर कळवायची, असा हा क्रम होता. तारेच्या संदेशात दशांशचिन्ह नसे, शब्दही नसत. पाच-पाच अंकांचे गट असत. 1982 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार 41.2 अंश सेल्सिअस हे हवेचे तापमान 10412 असे लिहिले जाते. त्यातील पहिला 1 हा गट तापमानाचा असल्याचे सांगतो, पुढचे शून्य तापमान गोठणबिंदूच्या खाली नसल्याचे दाखवते आणि उरलेले 412 हे अंशाचे दहावे भाग होत. संकेत ठाऊक नसलेल्याला हा आकडा निरर्थक, ठाऊक असलेल्याला निःसंदिग्ध.

आकडा दुसऱ्यापर्यंत निःसंदिग्धपणे पोहोचवण्याचा हाच प्रश्न पुढे संगणकाच्या पेटीत नव्याने उभा राहिला. संगणकातील चिप तापते म्हणून तिच्याजवळ किंवा तिच्या आतच संवेदक, म्हणजे उष्णतेनुसार विद्युत गुणधर्म बदलणारा घटक, बसवला जाऊ लागला. परंतु प्रत्येक उत्पादकाची चिप वेगळी बोले. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय मानकात, म्हणजे यंत्रभाग आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातील देवाणघेवाणीच्या ठरलेल्या नियमांत, तापमान केल्विनच्या दहाव्या भागांत सांगण्याचे ठरले, म्हणून तेच 41.2 अंश तेथे साधारण 3144 होतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने वेगळा मार्ग धरला. तेथे ड्रायव्हर, म्हणजे विशिष्ट यंत्रभागाशी बोलणारी आज्ञावली, चिपमधील कच्चा अंक वाचून त्याचे अंशाच्या हजाराव्या भागांत रूपांतर करतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम तो एका छोट्या फाइलच्या रूपाने मांडते. ती फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला 41200 एवढेच दिसते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात अपूर्णांकांचे गणित टाळले जाते, म्हणून येथेही दशांशचिन्ह नाही. तारखात्याच्या काळातील काटकसर वेगळ्या कारणाने येथे पुन्हा अवतरली. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांतील संवेदक तर प्रत्यक्ष तापमान सांगतच नाही, कमाल मर्यादेपासून चिप किती अंश खाली आहे एवढेच सांगतो. मर्यादा 100 ऐवजी 90 धरली, तर वाचन अचूक असूनही उत्तर दहा अंशांनी चुकते.

धाराशिवच्या दृष्टीने या दोन परंपरा एकत्र आल्या त्या महावेध प्रकल्पात. 2017 पासून राज्य शासनाने स्कायमेट या कंपनीच्या सहभागाने महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. महसूल मंडळ म्हणजे तालुक्याखालील काही गावांचा प्रशासकीय गट. या केंद्रांमुळे जिल्ह्याच्या एका आकड्याची जागा मंडळागणिक आकड्यांनी घेतली. निरीक्षकाचा डोळा आणि वही यांचे काम आता संवेदक आणि नोंदसंचय करणारे छोटे संगणकयंत्र करते, आणि आकडा मोबाइल जाळ्यावरून थेट दूरच्या संगणकात जातो. द्राक्षासारख्या पिकांसाठी असलेल्या हवामानाधारित फळपीक विम्यात भरपाई संदर्भ केंद्राच्या नोंदीवरून ठरते; तेथे शेतात जाऊन केलेल्या पंचनाम्यापेक्षा केंद्राचा आकडा निर्णायक असतो.

निरीक्षकाच्या वहीतील खाडाखोड निदान दिसत असे. स्वयंचलित केंद्रातील चूक, मग ती उन्हात तापलेल्या आवरणाची असो वा रूपांतराच्या सूत्राची, नीटनेटक्या आकड्यामागे लपून जाते. म्हणून शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या प्रत्येक तापमानासोबत केंद्राची जागा, संवेदकाची उंची, त्याची प्रमाणित यंत्राशी शेवटची पडताळणी झाल्याची तारीख आणि मूळ कच्ची नोंद दिली जावी, आणि ग्रामपंचायतींनी व शेतकरी गटांनी ही सारी माहिती आवर्जून मागावी.