वाटणीच्या यादीतील पाच नग

घराण्याचा इतिहास म्हटला की आपण वंशावळ पुढे करतो. बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली नातू. वृक्ष देखणा खरा. पण त्यावर लेकी बहुधा नसतात आणि सुनाही क्वचितच दिसतात. त्यांचा माग काढावयाचा तर जुनी मृत्युपत्रे, वाटणीपत्रे आणि त्यांस जोडलेल्या चीजवस्तूंच्या याद्या उलगडल्या पाहिजेत.

आपल्याकडे मृत्युपत्रांहून वाटणीपत्रे अधिक सापडतात, याचे कारण धर्मशास्त्रात आहे. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित एकत्र मिळकतीची एकट्या कर्त्यास मृत्युपत्राने वासलात लावता येत नसे. मुंबई शहरात हिंदूंचे मृत्युपत्र लेखी व साक्षीदारांच्या सह्यांचे असावे, हा नियम १८७० च्या कायद्याने आला. बाहेरगावी तो १९२७ पासून लागू झाला. मृत्युपत्र नोंदविलेले असेल, तर ते करणाऱ्याच्या पश्चात त्याची नक्कल निबंधकाच्या कचेरीत अर्ज करून कोणासही मिळू शकते. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

आता घरचेच उदाहरण सांगतो. आमच्या माळ्यावरील पेटीत शके १८०६, म्हणजे सन १८८४ च्या वैशाखातले एक वाटणीपत्र निघाले. अक्षर मोडी. सेवानिवृत्तीनंतर मी मोडीचे धडे घेतले होते. जन्मभर मुलांकडून बाराखडी घोटवून घेणाऱ्यास ती पुन्हा गिरवावी लागली, हा न्यायच म्हणावयाचा. माझे पणजोबा व त्यांचे धाकटे बंधू यांची ती वाटणी. जमिनीला सहा ओळी पुरल्या, भांड्यांना मात्र तीन पाने लागली. हंडे, घंगाळे, पराती, समया, प्रत्येकाचे वजन शेरांत. (हा शेर गावोगाव निराळा असे, म्हणून अशा वजनांची बेरीज करून श्रीमंती मोजण्याच्या भरीस पडू नये. शिवाय स्त्रियांच्या अंगावरील सोने स्त्रीधन म्हणून यादीबाहेरच राहिलेले असते.)

शेवटी पाच नग वेगळे लिहिले होते. एक समई, एक तपेली, एक ताट, एक तांब्या, एक वाटी. खाली मजकूर असा की, हे ताईचे स्वतःचे, वाटणीत धरू नयेत. माजघरालगतची खोली तिजकडे असावी. हयातीपर्यंत अन्नवस्त्र दोघांनी निम्मे निम्मे चालवावे.

ही ताई म्हणजे पणजोबांची आई, असे मी प्रथम धरून चाललो. ती माझी चूक होती. त्या पाचांपैकी तपेली माझ्या चुलतभावाच्या घरी अद्याप आहे. ती चिंचेने घासून पाहिली तेव्हा काठावर कोरलेले आडनाव वाचता आले, आणि ते आमचे नव्हते, पणजीच्या माहेरचेही नव्हते. एखादे जुने भांडे विकत घेतलेलेही असू शकते, हे खरे. परंतु यादीत ते तिचे स्वतःचे म्हटले आहे. लेक सासरी गेली, आपली भांडी घेऊन परत आली, आणि एका ताटावर, एका वाटीवर माजघरालगत राहिली, असाच अर्थ मला लागतो. विधवा झाली की टाकली गेली, हे कागद सांगत नाही आणि मीही सांगणार नाही.

त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांच्या हातची नोंद आहे. तीत दोघे भाऊ आहेत, त्यांचे चार मुलगे आहेत. बहीण नाही. माझ्या आजीनेही तिचा उल्लेख कधी केला नाही.

वंशावळ मी नव्याने काढली आहे. दोघा भावांच्या मध्ये एक रेघ ओढून खाली ‘ताई’ एवढेच लिहिले. ज्या माणसाचे नाव ठाऊक नाही त्यास वंशावळीत कसे घालावे, अशी चुलतभावाची हरकत आहे. तपेलीत त्यांच्याकडे रोज दूध तापते. रेघ मी पुसलेली नाही.