आजीला संवाद का ऐकू येत नाहीत? : डिस्क प्लेअरच्या मेनूतला इतिहास

मंडळी, आई-बाबा भारतातून आले की माउंट रॉस्किलच्या आपल्या घरांत कपाटातल्या जुन्या मराठी सिनेमांच्या डिस्क बाहेर निघतात. गाणी खणखणीत वाजतात, संवाद मात्र पुटपुटल्यासारखे! मग "आवाज वाढव" आणि पुढच्या गाण्याला "अरे, कमी कर!" दोष जातो आजीच्या कानांना. खरं तर दोष पुष्कळदा प्लेअरच्या 'ऑडिओ आउटपुट' या मेनूत असतो. मोनो, स्टिरिओ, पीसीएम, बिटस्ट्रीम हे तिथले शब्द म्हणजे ध्वनीच्या इतिहासातले एकेक टप्पेच आहेत. ते कुठून आले हे कळलं, की कुठला पर्याय निवडायचा तेही कळतं.

सुरुवात मोनोपासून. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. तेव्हा संवाद, गाणी, वाद्यं सगळं एकाच ध्वनिपट्टीवर असायचं. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३) त्याच परंपरेतला. १९५४ साली पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सुवर्णपदक मिळालं. असा सिनेमा लावताना प्लेअरचा 'व्हर्च्युअल सराउंड' सरळ बंद ठेवावा. मुळात जे एकच आहे ते उगाच पसरवलं की शब्दांची धार जाते.

स्टिरिओची कल्पना इंग्लंडच्या अॅलन ब्लुमलाइन यांची; त्यांचा पेटंटचा अर्ज १९३१ सालचा. म्हणजे आपला सिनेमा जेमतेम बोलू लागत होता, तेव्हा तिकडे दोन कानांसाठी दोन आवाजांचा विचार चालू होता! पीसीएम म्हणजे आवाजाचे आकडे करून ठेवणं. ही युक्ती अॅलेक रीव्हज यांना १९३७ साली सुचली, तीही टेलिफोनसाठी. १९८२ साली आलेल्या सीडीत तीच आहे: सेकंदाला ४४,१०० नोंदी.

मग १९९३ मध्ये व्हीसीडीचं तंत्र ठरलं. तिच्यात आवाजाच्या दोनच वाटा. त्यामुळे कधी एका बाजूला एक भाषा, दुसऱ्या बाजूला दुसरी. कॅराओकेत एकीकडे नुसतं संगीत, तर दुसरीकडे गायकाचा आवाज. रिमोटवरचं 'एल/आर' बटण त्यासाठीच होतं. गायक अचानक गायब झाला, तर आधी तेच तपासायचं, बरं का!

आता खरी गोम. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' या सिनेमाबरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरांत आलं, आणि १९९६ च्या अखेरीस जपानात डीव्हीडी बाजारात आल्यावर ते घरोघरी पसरू लागलं. त्यात आवाजाच्या सहा वाटा असू शकतात, आणि संवाद मुख्यत्वे मधल्या, म्हणजे 'सेंटर' स्पीकरला दिलेले असतात. काही प्लेअरना सहाही वाटांची वेगळी भोकं असतात. तिथे मेनूत '५.१' निवडलं आणि वायर मात्र डाव्या-उजव्या दोनच जोडल्या, की संगीत पोचतं, पण संवादांचा बराचसा भाग कुठेच पोचत नाही!

उपाय सोपा आहे. घरात नुसता टीव्ही असेल तर 'स्टिरिओ' किंवा 'टू चॅनल' निवडा; मधला आवाज दोन्हीकडे वाटला जातो. डिजिटल वायर असेल तर 'पीसीएम' ठेवा. 'बिटस्ट्रीम' म्हणजे आवाजाची न सोडलेली पुरचुंडी. ती सोडवणारा रिसीव्हर असेल तरच ती पाठवावी, नाहीतर टीव्ही कधीकधी मुका बसतो. आणि आपली लाकडी घरं! पलीकडच्या खोलीत मुलं झोपलेली असतील तर 'नाइट मोड' किंवा 'डीआरसी' चालू करा. मोठे आवाज दबतात, हळू बोललेलं वर येतं.

ऑकलंडमधलं जुनं अॅनालॉग टीव्ही प्रक्षेपण १ डिसेंबर २०१३ ला बंद झालं. लाल-पांढऱ्या वायरींच्या जागी एचडीएमआय आली, पण पीसीएम की बिटस्ट्रीम हा प्रश्न तिच्या मेनूतही आहेच.

हा खटाटोप कशासाठी? इथे वाढणारी मुलं खालची इंग्रजी अक्षरं वाचून गोष्ट समजून घेतात. पण आईची हाक, आजोबांचा टोमणा, कोल्हापुरी हेल आणि कोकणी हेल यांतला फरक हे सगळं कानांतूनच आत जातं. तेव्हा यंदा फराळाची ताटं मांडण्याआधी पाच मिनिटं त्या मेनूत डोकवा. आजीला विचारा, "आता नीट येतंय का ऐकू?" आणि ती हो म्हणेपर्यंत रिमोट खाली ठेवू नका. शुभ दीपावली!