टेनिस न खेळणाऱ्यांचा एल्बो

मराठी घरांत 'टेनिस एल्बो' हा शब्द आला तो सचिनमुळे. ऑगस्ट 2004, हॉलंडमधली वन-डे स्पर्धा. तिथे त्याचा डावा कोपर दुखावला. मग इंग्लंडमधली चॅम्पियन्स ट्रॉफी गेली, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या बंगलोर आणि चेन्नईच्या कसोट्याही गेल्या. आमच्या रेवदंड्यात तेव्हा जो तो विचारायचा, हा खेळतो क्रिकेट, मग ह्याला टेनिसचा आजार झालाच कसा?

प्रश्न बावळट वाटेल, पण रास्त आहे. 1873 मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने ह्या दुखण्याबद्दल लिहिलं तेव्हा त्याचा विषय होता लिहून लिहून आखडणारा हात. लॉन टेनिसचं पेटंट मेजर विंगफिल्डने घेतलं 1874 मध्ये. म्हणजे खेळाच्या पेटंटआधीच दुखणं हजर! पुढे 1882 मध्ये हेन्री मॉरिसने 'लॅन्सेट'मध्ये 'लॉन टेनिस आर्म' असं लिहिलं, आणि लिहिणाऱ्यांचं दुखणं खेळणाऱ्यांच्या नावावर चढलं ते कायमचं.

आमची काकू लग्न होऊन रेवदंड्याला आली तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. (रायगड झालं 1981 मध्ये.) घराला नारळ-सुपारीची वाडी, जेवायला दहा-बारा माणसं. रोज खवणीवर नारळ, पिळायला चादरी, विहिरीचं पाणी. मूठ घट्ट आवळली की मनगट मागे धरून ठेवणारे स्नायू ताणले जातात, आणि ते स्नायू जिथे बांधलेले असतात तो कोपराचा बाहेरचा उंचवटा दुखतो. टेनिसची रॅकेट काय, नारळाची कवड काय, कोपराला सारखीच. काकू म्हणायची, "हात भरून आलाय गं." त्याला नाव नव्हतं, म्हणून सुट्टीही नव्हती. सचिनच्या कोपराची बातमी ती आम्हाला आमटी वाढता वाढता ऐकत होती, ह्याची मला आजही गंमत वाटत नाही.

सचिनची शस्त्रक्रिया मे 2005 मध्ये लंडनला झाली. ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध 93 करून तो परतला. काकूचा हात मात्र दुखत राहिला. चार वर्षांपूर्वी कपसुद्धा उचलवेना, तेव्हा एका डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. दीड महिना स्वर्ग! मग दुखणं दुप्पट जोमाने परत.

ह्यात नवल नव्हतं. ब्रिस्बेनला 198 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांत पुढे होते, आणि वर्षअखेरीस सगळ्यांत मागे. नुसती वाट पाहणारेसुद्धा त्यांच्यापेक्षा बरे होते. त्याआधी 1979 मध्येच निर्शल आणि पेट्रोन ह्यांनी शस्त्रक्रियेत काढलेला भाग तपासून दाखवलं होतं की ही नेहमीची सूज नव्हे, झिजून धड न भरलेला कंडरा आहे. सूज मारायचं औषध त्याला किती पुरणार?

अलिबागच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी काकूला दुखण्याचं नाव सांगितलं आणि एक पाण्याची बाटली धरायला दिली. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा जमिनीकडे. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलायचं आणि बाटलीसकट सावकाश खाली सोडायचं. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढता कामा नये. आधी अर्धी बाटली, मग पाऊण, मग भरलेली. जड वस्तू उचलायची ती तळवा वर करून. ह्याला चार महिने लागले, आणि पहिल्या महिन्यात काकूने त्या बाईंना मनसोक्त शिव्या घातल्या.

पण व्यायामाइतकीच कामाची गोष्ट दुसरी होती. बाईंनी काकांना समोर बसवून सांगितलं, चार महिने ह्यांनी नारळ खवायचा नाही, कपडे पिळायचे नाहीत. आजारपणाला इंग्रजी नाव असल्यामुळे काकांनी ते मुकाट ऐकलं! तेव्हापासून खवणीवर काका बसतात. करवंटीचं काळं सालही खोबऱ्यात येतं, सोलकढी जरा मळकट होते. काकू काही बोलत नाही.