चार बोर: हत्तीची शिकार आणि शिकाऱ्याचा खांदा

(थ्रेड)

१/
१८७१ साली फ्रेडरिक सेलूस नावाचा एकोणीस वर्षांचा इंग्रज तरुण ४०० पौंड घेऊन दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. हत्ती मारायचे आणि हस्तिदंत विकायचे, हा त्याचा बेत होता. जवळची चांगली दुनळी रायफल वाटेतच चोरीला गेली. मग त्याने बर्मिंगहॅमच्या हॉलिसने बनवलेल्या दोन स्वस्त ठासणीच्या बंदुका प्रत्येकी ६ पौंडांना घेतल्या. त्याची शिकारी म्हणून कीर्ती झाली ती याच बंदुकांमुळे, आणि त्याचा नेम आयुष्यभरासाठी बिघडला तोही त्यांच्यामुळेच.

२/
‘बारा बोर’ हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतही परिचित आहे. त्यातल्या आकड्याचा हिशेब मात्र उलटा चालतो. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. आकडा जितका लहान, नळी तितकी रुंद. बारा बोरची गोळी ३८ ग्रॅमची. सेलूसच्या बंदुका चार बोरच्या होत्या. त्यांची गोळी सुमारे ११३ ग्रॅमची, आणि नळीचे तोंड साधारण एक इंच रुंद.

३/
एवढी मोठी गोळी कशासाठी? याचे उत्तर दारूत आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू जळाली की तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचा वायू होतच नाही. तो भाग धूर आणि काजळी होऊन जातो. त्यामुळे तिच्या जोरावर गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. त्यात गोळी मऊ शिशाची, आणि हत्तीची कवटी म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र हाडाची जाड भिंत. वेग वाढवता येत नव्हता, म्हणून बंदूक बनवणाऱ्यांनी वजन वाढवले.

४/
त्या वजनाची किंमत खांद्याला मोजावी लागे. न्यूटनच्या नियमानुसार गोळीला पुढे जितका संवेग मिळतो, तितकाच बंदुकीला मागे मिळतो. यात दारूचे वजनही धरावे लागते, कारण तिचा वायू आणि धूर नळीतून प्रचंड वेगाने बाहेर पडतो. बंदूक जड असेल तर ती हा संवेग सावकाश घेते आणि खांद्याला ढकलते. हलकी असेल तर तोच संवेग तिला वेगाने मागे फेकतो, आणि दस्ता खांद्यावर हातोड्यासारखा आदळतो.

५/
हे गणित सॅम्युअल बेकर या इंग्रज शिकाऱ्याला ठाऊक होते. १८४० साली त्याने ब्रिस्टलच्या गिब्ज या कारागिराकडून एक रायफल घडवून घेतली. वजन सुमारे साडेनऊ किलो, गोल गोळी ८५ ग्रॅमची आणि दारू २८ ग्रॅम. अशी बंदूक घेऊन जंगलात चालणे कष्टाचे होते. पण बार उडाल्यावर तिचे वजनच धक्का शोषून घेई. पुढे हीच रायफल त्याने सिलोनच्या जंगलांत वापरली.

६/
१८६१ साली बेकर नाईलच्या उपनद्यांच्या शोधात निघाला. तेव्हा त्याच्याजवळ आणखी एक अस्त्र होते. त्यातून जवळजवळ २२७ ग्रॅमचा स्फोटक गोळा सुटे, आणि बंदुकीचे वजन होते अवघे नऊ किलो. बरोबरच्या अरबांनी तिला ‘तोफेचे पोर’ असे नाव दिले. बेकरने ते आटपशीर करून ‘बेबी’ केले. बार उडाला की तो स्वतः गर्रकन फिरे. आपल्याच बंदुकीचे भय वाटते, अशी कबुली त्याने लेखी दिली आहे. ती त्याने क्वचितच चालवली.

७/
शिकाऱ्याच्या वेदनेची नोंद इतकी तपशीलवार आहे. हत्तींची नोंद मात्र बहुतेक आकड्यांतच सापडते. सिलोनच्या सरकारने शेतीला उपद्रव होतो म्हणून हत्तीमागे इनाम ठेवले होते. एमर्सन टेनंट या तिथल्या अधिकाऱ्याच्या नोंदीनुसार, १८४८ पूर्वीच्या तीन वर्षांहून कमी काळात उत्तर प्रांताच्या एका भागातच ३,५०० हत्तींचे इनाम दिले गेले. १८५१ ते १८५६ या काळात दक्षिण प्रांतात आणखी २,००० हत्तींचे. खांदे दुखत होते, तरी हत्ती मरतच होते.

८/
आता पुन्हा सेलूसकडे. त्याची बंदूक सुमारे ५.७ किलोची. बेकरच्या रायफलीपेक्षा ती कितीतरी हलकी, पण गोळी तिच्याहून जड, आणि दारू सुमारे ३५ ग्रॅम. ब्रिटिश सैन्याने १८७१ सालीच मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली होती. ती जोरात लाथ मारते अशी शिपायांची तक्रार असे. तिच्या काडतुसात दारू होती साडेपाच ग्रॅम! सेलूस त्याच्या सहापटीहून अधिक दारू कातडी पिशवीतून मुठीने काढून नळीत ओतत असे.

९/
एकदा चाप ओढूनही बार उडाला नाही. बंदूक सोबत्याच्या हाती गेली. ती झाडली गेली आहे असे समजून तिच्यात दुसरा बार भरला गेला. पुढच्या वेळी दोन्ही बार एकदम उडाले. सेलूस उचलला जाऊन जमिनीवर तोंडघशी पडला, बंदूक त्याच्या खांद्यावरून मागे भिरकावली गेली, दस्ता फुटला आणि गालावर खोल जखम झाली. जखम भरून आली. पण या बंदुकांनी आपल्या मज्जातंतूंवर असा परिणाम केला की पुढे आपली नेमबाजी कधीच सुधारली नाही, असे त्याने १८८१ च्या पुस्तकात लिहिले आहे.

१०/
यात भित्रेपणा नव्हता. वारंवार मार बसला की शरीर शिकते. चाप ओढण्याच्या क्षणी डोळा आपोआप मिटतो, खांदा आखडतो, मनगट नळी खाली दाबते, आणि गोळी लक्ष्याच्या बाजूने निघून जाते. ही क्रिया इच्छेच्या ताब्यात राहत नाही. नेम चुकला की हत्ती जखमी होऊन पळतो, कुठेतरी दूर तडफडत मरतो, किंवा उलटून अंगावर येतो. म्हणजे धक्क्याची झळ शिकाऱ्यापाशी संपत नव्हती.

११/
तरीही १८७२ ते १८७४ या काळात सेलूसने याच बंदुकांनी ७८ हत्ती मारले. त्यांतला एक वगळता सगळे पायी चालून. माटाबेले राजा लोबेंगुला याने या पोरसवदा शिकाऱ्याला आधी हसून मग परवानगी दिली होती. उरलेले हत्ती त्सेत्से माशीच्या प्रदेशात सरकले. तिथे घोडे जगत नसत, म्हणून ही पायपीट. १८८० च्या दशकात तर सेलूसला संग्रहालयांसाठी प्राण्यांचे नमुने गोळा करून पोट भरावे लागले. हस्तिदंताचा धंदा त्याच्या डोळ्यांसमोर आटला.

१२/
दरम्यान रसायनशास्त्र बदलले. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केली. १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्डाइट आले. १८९८ साली जॉन रिग्बी याने ‘.४५० नायट्रो एक्स्प्रेस’ काडतूस बाजारात आणले. गोळी ३१ ग्रॅमची, कॉर्डाइट साडेचार ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर. चार बोरच्या तुलनेत गोळी पाव भागाहून थोडी अधिक, आणि दारू आठवा हिस्सा. धातूच्या कवचातली ही गोळी कवटी भेदून आरपार जाई. चार बोर एका पिढीत अडगळीत गेली.

१३/
इथे कथेत हिंदुस्थान येतो. .४५० हाच मार्टिनी-हेन्रीचाही व्यास होता, आणि जुन्या मार्टिनी रायफली बंडखोरांच्या हाती पडलेल्या होत्या. साहेबाच्या शिकारीचे काडतूस आपल्याविरुद्ध वापरले जाईल, या धास्तीने सरकारने १९०७ मध्ये हिंदुस्थान आणि सुदानसाठी या व्यासाच्या बंदुकांवर बंदी घातली. बंदूक बनवणाऱ्यांनी लगोलग आकडे थोडे सरकवले: .४६५, .४७०, .४७५, .४७६. आज ‘.४७०’ हे आफ्रिकी शिकारीचे प्रतीक मानले जाते. त्याचा प्रसार मात्र हिंदुस्थानातल्या राज्यकर्त्यांच्या भीतीमुळे झाला.

१४/
मोठ्या नळीच्या प्रतिष्ठेला खरा तडा दिला तो स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने. त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतले बहुसंख्य ७ मिलिमीटरच्या साध्या रायफलीने. गोळी ११ ग्रॅमची, म्हणजे सेलूसच्या गोळीचा दहावा भाग! बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते अभ्यासले होते. बंदुकीचा धक्का सौम्य, म्हणून नेम अचूक. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला भेट मिळालेली रिग्बी रायफल याच काडतुसाची होती.

१५/
मग मोठ्या बंदुका टिकल्या का? कारण बेल मोकळ्या जागी, शांतपणे, हवा तो कोन मिळाल्यावर गोळी झाडत असे. दाट झुडपांत दहा पावलांवरून हत्ती चालून आला तर मेंदूचा नेम साधेलच असे नाही. तिथे जड गोळी निदान त्याला थांबवते वा वळवते. म्हणूनच आफ्रिकेतल्या अनेक देशांचे कायदे आजही अशा शिकारीसाठी किमान व्यास ठरवून देतात. हत्ती मारायला मोठी नळी लागत नाही, हे बेलने दाखवले. ती लागते ती शिकाऱ्याच्या बचावासाठी.

१६/
सेलूस १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात, पूर्व आफ्रिकेत गोळी लागून मारला गेला. पुढे त्याच प्रदेशातल्या विशाल अभयारण्याला त्याचे नाव दिले गेले. आजच्या टांझानियातल्या त्या परिसरात १९७० च्या दशकात एक लाखाहून अधिक हत्ती असल्याचा अंदाज होता. २०१३ च्या गणनेत उरले सुमारे तेरा हजार. हे मारले ते बहुतांशी हस्तिदंताच्या चोरट्या शिकारीने, आणि त्यासाठी लष्करी पद्धतीच्या लहान व्यासाच्या रायफली पुरेशा ठरल्या.

१७/
मोठ्या बंदुकीची कथा बहुधा मर्दुमकीची कथा म्हणून सांगितली जाते. पण तिचा आकार काळ्या दारूच्या दुबळेपणातून आला होता. दारू सुधारताच तो उतरला. शिकाऱ्याच्या खांद्याची वेदना ऐंशी वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली. हत्तीच्या बाजूने मात्र काहीच हलके झाले नाही. सिलोनचे इनाम असो वा हस्तिदंताचा बाजार, मारण्याचे कारण शिल्लक होते तोवर बंदूक कोणतीही चालली.

(समाप्त)