संकलनगृहातील दप्तर

चित्रपटाच्या संकलनकलेविषयी जे काही लिहिले जाते त्यात कात्रीचे कौतुक पुष्कळ आढळते. परंतु जिच्यावाचून ती कात्री आंधळीच राहिली असती, त्या नोंदवहीची दखल सहसा कोणी घेत नाही.

35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी मावतात, आणि सेकंदाला 24 चौकटींच्या गतीने बोलपटाचे 1000 फुटी रीळ जेमतेम 11 मिनिटांत संपते. अशी कित्येक रिळे चित्रीकरणातून येऊन पडत. त्यांची मूळ निगेटिव्ह मात्र एकच असल्यामुळे, आणि तिच्यावर चुकून पडलेला छेद पुन्हा भरून येणे नसल्यामुळे, सारी कापाकापी आधी तिच्यावरून काढलेल्या रश प्रिंटवर करावी व निगेटिव्हला अगदी अखेरीस हात लावावा, असा शिरस्ता पडला. या दोहोंची रुजवात घालण्यास कारखान्यातूनच काठावर फुटाफुटाला छापून आलेले क्रमांक उपयोगी पडत. ते प्रिंटवरही उतरत, आणि निगेटिव्ह कापणारा त्यांच्याच हवाल्याने काम करी.

हे दप्तर सांभाळण्याचा भार सहायकावर असे. पाटीवर दृश्य, शॉट व टेक यांचे आकडे लिहून दांडी आपटली जाई. त्या आघाताची चौकट आणि ध्वनिपट्टीवरील ‘टक्’ तो समोरासमोर आणी, ओके (पसंत) व एनजी (नापसंत) टेक निराळे करी, आणि कापून उरलेला चार चौकटींचा तुकडाही चिठ्ठी लावून, कापडी अस्तराच्या पेटीवरील खिळ्याला टांगून ठेवी. कारण दिग्दर्शकाचे मन फिरले की नेमका तोच तुकडा मागितला जाई. कोल्हापूरहून 1933 साली पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तेव्हा तेथील संकलनाच्या विद्यार्थ्यांनाही याच फिल्मवर हात बसवावा लागला.

1989 साली संगणकावर संकलन करण्याची ॲव्हिड ही प्रणाली बाजारात आली, आणि वॉल्टर मर्च यांनी संगणकावर संकलित केलेल्या ‘द इंग्लिश पेशंट’ या 1996 च्या चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर मिळाल्यावर या नव्या पद्धतीविषयीच्या शंका बऱ्याच अंशी मावळल्या. पुढे बहुतेक ठिकाणी फिल्मच गेली आणि तिच्याबरोबर काठावरचे आकडेही गेले. आता कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड बदलताच कॅमेऱ्याने पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू केली, तर एकाच नावाच्या दोन फाइली जन्मास येतात. आणि काम निम्म्यावर असता कोणी फोल्डरचे नाव बदलले, तर पडद्यावर चित्राच्या जागी ‘मीडिया ऑफलाइन’ अशी तांबडी चौकट उभी राहते. म्हणून दिवस, कॅमेरा व कार्ड यांनुसार फोल्डर करावेत, एकदा ठरलेली नावे मध्येच बदलू नयेत, आणि दोन निराळ्या डिस्कवर प्रती घेऊन त्यांची पडताळणी झाल्यावाचून कार्ड पुसू नये, हा जाबता आजही पाळावा लागतो.

फरक एवढाच की, निगेटिव्ह एकच असल्याची धास्ती पूर्वी ही शिस्त आपोआप पाळावयास लावी. आज प्रत काढण्यास पैसा लागत नाही. त्यामुळे अस्सल कोणती आणि नक्कल कोणती याचा निवाडा करण्यास संकलकाच्या स्वतःच्या नोंदीखेरीज दुसरा पुरावा उरलेला नाही.