गर्भाशयमुखाची स्वतपासणी

गर्भाशयमुखाची स्वतपासणी : दिवस भरत आलेल्या गर्भवतीने योनीमार्गात स्वतःची बोटे घालून गर्भाशयाचे मुख किती उघडले आहे याचा अंदाज घेणे. बोलीभाषेत गर्भाशयाला पिशवी म्हणतात, आणि प्रसूतिगृहातही ‘पिशवीचे तोंड दोन बोटे उघडले’ असेच सांगितले जाते. दोन बोटे म्हणजे ढोबळमानाने ३ सेंटिमीटर. मुख १० सेंटिमीटर उघडले की ते पूर्ण उघडले असे मानतात. कळा कधी सुरू होणार, रुग्णालयात आत्ता निघायचे की सकाळपर्यंत थांबायचे, या दोन प्रश्नांपोटी ही तपासणी केली जाते. तिच्यातून मिळणारा आकडा अगदी अचूक असला तरी या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देत नाही, आणि म्हणून ती करू नये, अशी या नोंदीची भूमिका आहे.

गरोदरपणात बराच काळ गर्भाशयमुख लांबट, घट्ट, मिटलेले आणि मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेने वळलेले असते. शेवटच्या आठवड्यांत ते मऊ होते, आखूड व पातळ होत जाते, पुढे सरकते आणि मग उघडते. पण हा क्रम प्रत्येकीच्या बाबतीत सारख्या गतीने घडत नाही. पहिलटकरणीचे मुख बहुधा आधी पातळ होते आणि नंतर उघडते. आधी बाळंतपण झालेल्या बाईचे मुख मात्र कळा नसतानाही २-३ सेंटिमीटर उघडलेले असू शकते आणि त्या अवस्थेत ती आठवडा-दोन आठवडे घरकाम करत हिंडूफिरू शकते. उलट, संध्याकाळी पूर्ण मिटलेले मुख असलेली बाई दुसऱ्या दिवशी बाळंत होऊ शकते. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये गर्भाशयमुखाच्या तयारीसाठी जी गुणपद्धती मांडली, तिच्यात उघडण्याला पाचांपैकी एकच जागा आहे. मुख किती पातळ झाले, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचे डोके कटीरात किती खाली उतरले आहे, या उरलेल्या चार बाबी. घरी बोटाने घेतलेला अंदाज बहुतेक वेळा उघडण्यापाशीच थांबतो.

कळा सुरू झाल्यावरही या आकड्यावरून घड्याळ लावता येत नाही. न्यूयॉर्कमधील इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये ५०० पहिलटकरणींच्या प्रसूतीचा आलेख प्रसिद्ध केला आणि तासाला साधारण १ सेंटिमीटर ही गती पुढे अनेक दशके नियमासारखी वापरली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत हा नियम सर्व स्त्रियांना लागू पडत नाही असे स्पष्ट केले आणि प्रसूतीचा वेगवान टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरला. त्याआधीचा काळ किती लांबेल याला ठरावीक मर्यादा नाही. तेव्हा ‘दोन बोटे’ हे ज्ञान एखादीला रात्रभर ताटकळत ठेवू शकते आणि दुसरीला खोटा धीर देऊ शकते.

शिवाय तो आकडा बरोबर येणेच कठीण. कृत्रिम नमुन्यांवर अनुभवी डॉक्टर आणि परिचारिकांची चाचणी घेतली गेली, तेव्हा नेमका सेंटिमीटर जवळपास निम्म्याच वेळा बरोबर निघाला. एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालेल असे धरले तर दहापैकी नऊ वेळा. हे रोज तपासणाऱ्या हातांचे झाले. गर्भवतीला मोठ्या पोटावरून वाकून, मागे वळलेल्या मुखापर्यंत बोट पोहोचवायचे असते, आणि मुख उघडले आहे की नुसते मऊ झाले आहे हे तुलनेसाठी पूर्वानुभव नसताना ठरवायचे असते.

धोक्याविषयी बोलताना अतिशयोक्ती टाळायला हवी. पाणमोट शाबूत आहे, रक्तस्राव नाही, वार खाली नाही, अशा बाईला शेवटच्या महिन्यात शरीरसंबंधही वर्ज्य सांगत नाहीत. मग स्वच्छ धुतलेल्या बोटाने काय बिघडणार, हा आक्षेप रास्त आहे. त्या परिस्थितीत धोका लहानच असतो. पण परिस्थिती बदलली हे वेळीच कळतेच असे नाही. पाणी नेहमी धो-धो जात नाही. थेंबथेंब झिरपते, आणि ते लघवी किंवा पांढरे जाणे समजून सोडून दिले जाते. नेमक्या त्याच वेळी ‘आता तोंड उघडले का’ हे पाहण्याची ओढ सर्वांत जास्त असते. पाणी गेल्यानंतर आतली तपासणी जितक्या वेळा होते तितका गर्भावरणाच्या संसर्गाचा संभव वाढतो, हे १९९० च्या दशकात पाच हजारांहून अधिक स्त्रियांच्या अनेक देशांतील अभ्यासातून दिसले, आणि त्या तपासण्या मोजे घालून, प्रशिक्षित हातांनी झालेल्या होत्या. मोजा निर्जंतुक असला तरी योनीमार्गातले जंतू बोटाबरोबर वर ढकलले जातात. हात आत काय नेतो याचा इतिहास व्हिएन्नात लिहिला गेला : तेथील प्रसूतिगृहात १८४६ मध्ये डॉक्टर-विद्यार्थ्यांच्या विभागात ११ टक्क्यांहून अधिक बाळंतिणी दगावल्या, सुईणींच्या विभागात ३ टक्क्यांहून कमी; इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केल्यावर १८४८ पर्यंत हा फरक मिटला. घरातल्या हाताची तुलना त्या विद्यार्थ्यांच्या शवविच्छेदन करून आलेल्या हाताशी कोणी करणार नाही. तपासणी ही नुसती पाहणी नसून आत केलेला शिरकाव आहे, एवढे मात्र त्यातून दिसते. वार खाली असेल तर गोष्ट वेगळीच होते : गर्भाशयमुखावर पसरलेल्या वारेला बोट लागल्यास जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून सोनोग्राफीने वारेची जागा कळेपर्यंत डॉक्टरही रक्त जाणाऱ्या गर्भवतीची आतून तपासणी करत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शरीर बाईचे, मग ते जाणण्याचा अधिकार फक्त डॉक्टरांचा का? कॅरोल डाउनर यांनी १९७१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जमलेल्या स्त्रियांना आपले गर्भाशयमुख आरशातून कसे पाहावे हे दाखवले, तेव्हा हाच प्रश्न विचारला होता. महाराष्ट्रात राणी बंग व अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांच्या ६५० स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि त्यांपैकी फारच थोड्यांची पूर्वी कधी तपासणी झाली होती. आपल्या अंगाविषयीचे अज्ञान किती महाग पडते याचा याहून ठळक पुरावा नको. हा अधिकार इथे पूर्ण मान्य करावा लागतो. पण त्या अधिकाराचा उपयोग ज्याने निर्णय बदलतो ते जाणण्यासाठी व्हावा. कळांमधले अंतर, पाण्याचा रंग, बाळाची हालचाल हे सगळे बाईला स्वतः कळते, कोणाच्याही आधी कळते, आणि त्यासाठी आत हात घालावा लागत नाही.

रुग्णालयात न सांगता, न विचारता, वारंवार आतून तपासतात, म्हणून घरीच पाहिलेले बरे, असेही म्हटले जाते. यामागचे दुखणे खरे आहे, आणि त्यावरचा उपाय रुग्णालयातच व्हायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने वेगवान टप्प्यात नेहमीच्या तपासणीसाठी चार तासांचे अंतर सांगितले आहे. तपासणीआधी संमती घेणे आणि नंतर निष्कर्ष बाईलाच सांगणे हा तिचा हक्क आहे. कळा नसताना, ३८-३९ व्या आठवड्यात सहज म्हणून केलेल्या आतल्या तपासणीलाही तिने ‘यातून काय ठरणार आहे?’ असे विचारावे.

घरी पाहायचे ते असे. खोट्या कळा अनियमित असतात आणि बहुधा चालल्याने, कूस बदलल्याने ओसरतात. खऱ्या कळा जवळ येत जातात, वाढत जातात. पहिलटकरणीला तासभर पाच-पाच मिनिटांनी मिनिटभराची कळ येऊ लागली की निघावे. आधीची प्रसूती झटपट झाली असेल किंवा सिझेरियन झाले असेल तर इतके थांबू नये. पाणी गेले, ते हिरवट दिसले, लाल रक्त वाहू लागले, बाळाची हालचाल मंदावली, किंवा ३७ आठवड्यांच्या आतच कळा आल्या, तर कळांचे अंतर मोजत बसू नये. रुग्णालय दूर असलेल्या पाड्यावरची बाई मात्र विचारेल की लवकर गेले तर परत पाठवतात, उशीर झाला तर वाटेतच बाळंत होते, मग तोंड न पाहता वेळ कशी साधायची? ही अडचण खरी आहे, पण ती अंतराची आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात उभारलेली ‘माहेरघरे’ त्यासाठीच आहेत : तारखेच्या काही दिवस आधीच गर्भवतीने तिथे येऊन राहायचे, म्हणजे पहिली कळ येते तेव्हा परिचारिका हाकेच्या अंतरावर असते.